बिनटपाची गाडी

आमचे घरमालक काही विकत घ्यायला निघाले की घरातली माणसं आधी जेवून घ्यायची. ते परत कधी येतील आणि आले तरी हातात काही असेल का, याचा कुणालाच भरवसा नसायचा. छताचा पंखा घ्यायला त्यांना अकरा महिने लागले. अकरा महिने ते वारूळवाडीत ज्याच्या त्याच्या घरी दुपारचे जायचे, पंख्याखाली आडवे व्हायचे आणि उठून म्हणायचे, "वारं बरं हाय, पर कुरकुरतोय." शेवटी पंखा आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती आणि रात्री गोधड्या निघाल्या होत्या. ते मात्र खूश. "पंखा थंडीतच घ्यावा. उन्हाळ्यात घेणारा घाईत असतो, आन् घाईतल्या माणसाला समदे फसवत्यात."

त्यांना सगळं गाव मामा म्हणायचं, म्हणून मीही म्हणायचे. त्यांच्या बायकोला मामी. मी नारायणगावच्या एका शाळेत शिकवत होते आणि मामांच्या वरच्या दोन खोल्यांत सहा वर्षं भाड्यानं राहिले. त्या खोल्या मला कशा मिळाल्या ते सांगितलं की माणूस निम्मा कळेल.

मी तेव्हा जुन्नरला राहत होते आणि रोजच्या येण्याजाण्याला कंटाळले होते. खोल्या बघायला गेले तर मामांनी खोल्या दाखवल्याच नाहीत. "तुमी ऱ्हाता कुटं? जुन्नरला? येतो म्या," एवढंच बोलले. रविवारी सकाळी दार वाजलं. बघते तर दारात पांढरी टोपी, गुडघ्यापर्यंत धोतर आणि पायात टायरच्या जाड वहाणा. आत आले, चपला कुठे ठेवते ते पाहिलं, ओट्यावर नजर फिरवली, कुंडीतल्या तुळशीला पाणी आहे का ते बोट घालून बघितलं. मग चहा पिता पिता विचारलं, "मॅडम, तुमची खोड काय?"

मला रागच आला. भल्या सकाळी परक्या माणसानं घरात येऊन असलं काही विचारायचं म्हणजे काय! मी फाडकन म्हणाले, "चहा पोटात जाईपर्यंत मला कुणी बोललेलं खपत नाही. आणि तुम्ही माझ्या चहाआधी आलात."

मामांनी बशी खाली ठेवली. "खोल्या तुमच्या," म्हणाले.

पुढे कळलं की ही त्यांच्याकडची पद्धत. मामांचं घराणं मेंढरांमागं फिरलेलं. चाळिशी होईपर्यंत ते स्वतः दिवाळीनंतर घाट उतरून कळप घेऊन कोकणात जायचे. जनावर घ्यायचं तर ते बाजारात बघायचं नाही, मालकाच्या दारात जाऊन बघायचं, कारण "बाजारात समदीच धुतलेली असत्यात." आणि विकणाऱ्यानं जनावराची खोड तोंडानं सांगायची. मारकं आहे, दावं तोडतं, पाण्याला बिचकतं, जे असेल ते. सांगितलेल्या खोडीवर कुणी तक्रार करायची नाही. लपवलेली निघाली तर व्यवहार मोडायचा आणि पुन्हा त्या दारात पाऊल टाकायचं नाही. मामांनी हाच नियम पंख्याला, भाडेकरूला, सुनेच्या माहेरच्यांना आणि कलिंगडवाल्यालाही लावला होता. माझी खोड त्यांनी सहा वर्षं सांभाळली. सकाळी जिन्यात गाठ पडली आणि माझ्या हातात कप नसला, की बिचारे भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे.

आता गाडीचं.

मामींना गाडी लागायची. लागायची म्हणजे साधी नाही. काच लावलेल्या गाडीत त्या बसल्या की दहा मिनिटांत घाम, वीस मिनिटांत उलट्या आणि मग डोळे फिरायचे. लग्न झाल्यापासून घोड्यावर बिऱ्हाड लादून मामांबरोबर चालत फिरलेली बाई ती. जन्म उघड्यावर गेला. "डोक्यावर पत्रा आला की मला वाटतं कुणी टोपल्याखाली कोंबडी झाकली," असं त्याच सांगायच्या आणि स्वतःच हसायच्या. घरातही त्यांचं अंथरूण बारा महिने पडवीत.

त्यांची थोरली बहीण दिली होती शिनोलीला. तिला सगळे आक्का म्हणायचे. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानं मामींना लहानाचं मोठं केलं होतं. वारूळवाडीहून शिनोली म्हणजे मंचर, घोडेगाव करत फार तर तासा-सव्वातासाचा रस्ता. पण मी राहायला गेले त्याच्या आदल्या वर्षी मुलाच्या गाडीतून मामी तिकडे निघाल्या आणि घोडेगावात बेशुद्ध पडल्या. दवाखान्यात सलाइन लावलं आणि तिथूनच माघारी आणलं. शिनोली चार-पाच किलोमीटरवर राहिली. त्यानंतर त्यांनी गाडीचं नावच टाकलं. आक्काचे गुडघे गेलेले, तिला इकडे आणणं शक्य नाही. दोघी बहिणी रोज संध्याकाळी फोनवर बोलायच्या.

मामांनी उपाय नाही केले असं नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी घातली, तर मामींच्या कमरेचं ऑपरेशन झालेलं, कळंबच्या आतच त्या कळवळल्या. टप काढलेली जीप आणली, तर डिझेलच्या वासानं नारायणगावच्या वेशीतच ओकारी झाली. मोटरसायकलवर बसता येईना. मग एकदा कुणीतरी मोबाइलवर मामांना एक व्हिडिओ दाखवला. चकचकीत बुटकी गाडी. बटण दाबलं की तिचा टप आपोआप उचलतो, दुमडतो आणि मागच्या डिकीत गडप होतो.

मामांनी तो व्हिडिओ, खोटं नाही सांगत, चाळीसएक वेळा पाहिला. "हिला वास न्हाई, धूर न्हाई, टप न्हाई. आन् किती खाली हाय बघा, पायरीच नको. ही आपल्या घरचीसाठीच काढल्याली हाय."

"मामा, ती स्पोर्ट्स कार आहे," मी म्हणाले. "शर्यतीची गाडी. सिनेमातले लोक वापरतात."

"मग काय झालं? बैलगाड्याच्या शर्यतीतला बैल घरच्या कामाला लावत न्हाईत व्हय?"

पैशाचा प्रश्न नव्हता. मोठ्या रस्त्याला जमीन गेली होती आणि मुलाची टोमॅटोच्या रोपांची नर्सरी जोरात होती. मुलगा कपाळावर हात मारायचा, पण बापाला नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. प्रश्न एवढाच होता की नवी घ्यायची की वापरलेली. आणि तो प्रश्न मामांच्या हातात पडला होता. पंख्याला अकरा महिने लागले तर गाडीला किती, हे गणित मांडायला मी गणिताची शिक्षिका असायची गरज नव्हती. वर्षं चालली. कधी मी पुण्याला निघाले की मामा सोबत यायचे, दोन-चार गाड्या बघायचे आणि "बघू," म्हणून परतायचे. मामी पडवीत बसून विचारायच्या, "घावली का शर्यतीची?" आणि उत्तराची वाट न बघता चहा ठेवायला उठायच्या. त्यांनी कधी घाई केली नाही. मला वाटायचं त्यांना मनातून नकोच असेल.

मग आक्काला ऐकू येईनासं झालं. फोनवर इकडून मामी ओरडायच्या, तिकडून आक्का "आँ? कोन बोलतंय?" म्हणायची. पंधरा दिवस मामींनी प्रयत्न केला आणि एका संध्याकाळी फोन पदरात गुंडाळून ठेवून दिला. थोड्या दिवसांनी भाचीचा, म्हणजे आक्काच्या लेकीचा, निरोप आला की आक्कानं अंथरूण धरलंय. त्या दिवशी मामी पहिल्यांदा माझ्याजवळ बोलल्या. "बाई, मला फकस्त एकदा तिच्या डोक्यावरनं हात फिरवायचाय वं. मग काय बी होऊ दे."

मी तशीच खाली उतरले आणि मामांना म्हणाले, "उद्या शाळेला रजा टाकते. उद्या गाडी ठरवायची."

पुण्याच्या शोरूममध्ये काचेसारखी गुळगुळीत फरशी होती. मामांनी दारातच टायरच्या वहाणा काढल्या आणि हातात घेऊन आत गेले. टाय लावलेला सेल्समन पुढे आला. त्यानं मामांना आत्तापर्यंत कुणी दिला नसेल इतका मान दिला, तो कदाचित वहाणांनाच घाबरला असेल. गाडी राखाडी रंगाची, नवी कोरी, प्लॅस्टिकसकट. मामांनी पिशवीतून मामींचा रोजचा बसायचा पाट काढला आणि गाडीच्या सीटशेजारी फरशीवर ठेवून उंची ताडून पाहिली. सेल्समन माझ्याकडे बघू लागला. मी छताकडे बघू लागले.

"बरूबर हाय," मामा म्हणाले. "आता हिची खोड सांगा."

"सॉरी सर?"

"खोड. वाईट काय हाय हिच्यात?"

"सर, काहीच नाही. झीरो कम्प्लेंट आहे."

मामांचा चेहरा पडला. ते गाडीभोवती एक चक्कर मारून माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, ह्यो लपवतोय."

"अहो मामा, नवी गाडी आहे! तिला खोड असेल तरी त्याला कशी ठाऊक असणार?"

"त्येच म्हनतोय म्या. नव्याची खोड कुनालाच ठावं नसती. म्हंजी ती आपल्या घरात येऊन निघनार. आन् घरचीला मधी बसवल्यावर निघाली तर?"

नवी घेतली तर हमी कंपनीची, जुनी घेतली तर ज्याच्या हातून आली त्याची, हा त्यांचा सगळा घोळ होता. वर सेल्समननं सांगितलं की गाडी बाहेरून येते, चार महिने थांबावं लागेल. चार महिने! मला वाटलं, चला, प्रश्न सुटला, आता जुनीच. पण मामा तिथल्या मऊ कोचावर बसून राहिले. चार महिने त्यांना लांब वाटेनात. ज्या माणसानं पंख्याला अकरा महिने दिले, त्याला चार महिने म्हणजे उद्याच. मी त्यांना हाताला धरून उठवलं.

वापरलेल्या दोन गाड्या बघायच्या होत्या. पहिला मालक तरुण, गळ्यात साखळी. बोलता बोलता त्यानं गाडीचं दार पायानं ढकलून लावलं. मामांनी गाडीकडे पाहिलंच नाही. "चला," म्हणाले. "ज्यो दाराला पाय लावतो त्यो आत काय काय करत आसंल."

दुसरीकडे दार उघडलं ते सत्तरीच्या एका बाईंनी. गाडी त्यांच्या नवऱ्याची. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. बंगल्याच्या पोर्चमध्ये पांढऱ्या चादरीखाली ती उभी होती. त्यांनी चादर ओढली आणि मामांच्या तोंडातून "येळकोट" निघालं. हळदीच्या रंगाची, अगदी भंडारा उधळल्यासारखी. मामांचं तत्त्व होतं की रंगावर जनावर घेणारा फसतो, म्हणून त्यांनी लगेच चेहरा गंभीर केला, पण कानांच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या.

चहा आला. मामांनी तिथंही कुंडीत बोट घालून पाहिलं. मग विचारलं, "मालकीणबाई, हिची खोड?"

बाईंनी कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "खरं सांगू? टप उघडतो, पण बंद करताना अर्ध्यात अडकतो. दोघांनी दोन्ही बाजूंनी ओढावा लागतो. हे होते तेव्हा आम्ही दोघं ओढायचो. आता माझ्यानं एकटीनं होत नाही. आणि आणखी एक, उभी ठेवली की हिची बॅटरी लवकर उतरते. रोज थोडी फिरवावी लागते."

मामा माझ्याकडे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी पुन्हा कधी पाहिला नाही. "आयकलं का? बंद होत न्हाई! आपल्याला बंद करायचाच न्हाई!"

बॅटरीचं वाक्य त्यांच्या कानावरून गेलं. माझ्याही. आम्ही दोघं त्या टपातच अडकलो होतो.

बाईंनी किल्ली पुढे केली. तिला चांदीचं जुनं कडं होतं. मामांनी कडं काढून त्यांच्या हातात परत दिलं आणि खिशातून लोकरीचा काळा गोंडा काढून किल्लीला बांधला. "जनावर आमी नेतो. दावं तुमच्याकडंच ऱ्हातं. तशी रीत हाय." बाईंनी ते कडं मुठीत घट्ट धरलं आणि आम्ही काही बोलायच्या आत त्या आत निघून गेल्या. माझ्या डोळ्यात पाणी आलं. मामा गाडीच्या बॉनेटवर हात फिरवत बाहेर उभे राहिले.

चार दिवसांत कागद झाले आणि मामांनी गाडी स्वतः चालवत आणली. टप उघडा, डोक्याला उपरणं बांधलेलं आणि वेग बैलगाडीला लाजवेल असा. मी मागून माझ्या छोट्या गाडीत. ट्रकवाले हॉर्न वाजवायचे, मामा त्यांना हात जोडून पुढे जायला सांगायचे. दारात सुनेनं भाकरतुकडा ओवाळला, चाकांवर पाणी घातलं. मामी पडवीतून उठून आल्या, गाडीच्या सीटवर हात दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "मऊ हाय गं बाई. कवा निघायचं?"

मामा म्हणाले, "नऊ दिवसांनी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण नाही. विकत आणलेलं जनावर नऊ दिवस दावणीवरून सोडायचं नाही, त्याला नव्या जागेची सवय होऊ द्यायची, आधीच बाहेर काढलं तर ते जुन्या मालकाच्या वाटेनं पळतं किंवा वाटेत अडतं. हा नियम त्यांच्या आज्यापासूनचा. गाडी मेंढरांच्या वाड्याशेजारी शेडमध्ये लागली. सीटवर मामांनी घोंगडी अंथरली, मामींना कातडं चिकटू नये म्हणून. आणि गाव रोज बघायला येत राहिलं. प्रत्येकाला बटण दाबून टपाची करामत दाखवायची, मग बापलेकांनी दोन बाजूंनी ओढून तो पुन्हा लावायचा. एकदा तर मेंढी उडी मारून मामींच्या जागेवर जाऊन बसली, तिला उतरवायला अर्धा तास गेला.

पाचव्या दिवशी निरोप आला की आक्कानं जेवण सोडलंय, नुसतं पाणी घेतेय. मी शाळेतून आले तर मामी नेसत्या लुगड्यावर पिशवी मांडीवर घेऊन पडवीत बसलेल्या. मामा शेडमध्ये गाडी पुसत होते.

त्या दिवशी मी मामांवर ओरडले. वयाचा मान ठेवला नाही, भाडेकरू आहे हे विसरले. "मामा, ती गाडी आहे, बैल नाही! ती कुणाकडे पळून जाणार आहे? तिथं एक म्हातारी तुमच्या नियमासाठी जीव धरून बसणार आहे का?"

मामा फडकं हातात घेऊन तसेच उभे राहिले. "मॅडम, घोडेगावात ती माज्या हातांत पडली व्हती. डोळं पांढरं झालं व्हतं. म्या म्हनलं, ग्येली. तवापास्नं मला... पुन्यांदा वाटंत काय झालं तर?"

तेव्हा मला लख्ख कळलं. हा माणूस गाडी निवडत नव्हता. हा घाबरला होता. सात वर्षं नव्या-जुन्याचा घोळ घालत तो निघायची वेळ पुढे ढकलत होता आणि आता गाडी दारात आली तर नऊ दिवसांच्या आड लपला होता. माझा राग ओसरला, पण गप्प बसवेना. पडवीतून मामींचा आवाज आला, "वरडू नका वं बाई त्यांच्यावर. आवं, ऐकलं का? मी मेले तर मरू द्या वाटंत. हितं बसून मरण्यापरीस बरं."

मामांनी फडकं टाकलं. गाडीत बसले. किल्ली फिरवली. गाडीतून 'टक' असा आवाज आला आणि बंद. पुन्हा 'टक'. पाच दिवस गावाला टप उघडून दाखवण्यात बॅटरीचा सगळा जीव गेला होता. मामांनी स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. "सांगितलं व्हतं वं त्या बाईनं," म्हणाले. "सांगितल्याली खोड. म्या आयकलीच न्हाई."

मुलानं ट्रॅक्टर शेडपर्यंत आणला, त्याच्या बॅटरीला वायरी जोडल्या आणि गाडी खाकरत सुरू झाली. "आता बंद करू नका कुठंच," तो म्हणाला. मामींना आम्ही दोघांनी धरून खाली बसवलं. त्यांनी पदर कानामागून घेऊन घट्ट खोचला, घोंगडी गुडघ्यांवर ओढली आणि दोन्ही हातांनी समोरचा डॅशबोर्ड धरला. मी माझ्या गाडीत मागून निघाले. वाटेत काही झालंच तर मी हवी.

तो तास मी जन्मात विसरणार नाही. माझ्या काचेतून मला दोनच गोष्टी दिसत होत्या, मामांची टोपी आणि मामींचा हिरवा पदर. कळंबपर्यंत पदर ताठ. मंचरच्या गर्दीत तो खाली झुकला आणि मी हॉर्नवर हात ठेवला, पण त्या वाकून रस्त्याकडेची मेथी बघत होत्या. घोडेगावच्या त्या दवाखान्याजवळ मामांनी गाडी एकदम हळू केली. जवळजवळ थांबवलीच. मागून एसटीनं हॉर्न दिला. मी बघत होते. मामींचा हात डॅशबोर्डवरून सुटला, मामांच्या पाठीवर गेला आणि त्यांनी तिथं दोनदा थोपटलं, बैलाला थोपटतात तसं. गाडी पुढे निघाली. पदर सुटून मागे उडायला लागला. मामींनी तो धरला नाही.

शिनोलीत गाडी दारापुढे उभी राहिली आणि इंजिन चालूच. पोरं, बाया, सगळी आळी गोळा झाली. मामींना उलटी झाली नव्हती. एकदाही नाही. केस पार विस्कटलेले, नाक वाऱ्यानं लाल. गाडी इतकी खाली की त्यांना उठता येईना, भाचीनं आणि मी काखेत हात घालून ओढून काढलं, तर त्या हसायला लागल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या.

आक्का ओसरीवर खाटेवर होती. अगदी मूठभर उरलेली. मामी भिंतीला धरत धरत गेल्या, खाटेच्या कडेवर टेकल्या आणि बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवायला लागल्या. कपाळापासून मागे, पुन्हा कपाळापासून मागे. आक्का बराच वेळ नुसती बघत होती. मला वाटलं ओळख पटली नाही. मग ती म्हणाली, "तेल लावत न्हाईस व्हय गं केसांना?" आणि बोटांनी मामींचे विस्कटलेले केस कानामागं सारायला लागली.

बाहेर गाडीचं इंजिन तेवढं घुरघुरत होतं.

मामा ओसरीच्या पायरीपाशीच उभे होते, टोपी हातात. आक्काची नजर त्यांच्यावर गेली. "पावणं," ती म्हणाली, "सात वर्सं लावलीत."

ज्या माणसाकडे पंख्यापासून कलिंगडापर्यंत सगळ्याचं उत्तर तयार असायचं, तो माणूस जमिनीकडे बघत पुटपुटला, "गाडी बघत व्हतो."

"आँ?" आक्काला ऐकू आलं नाही.

"गाडी बघत व्हतो, आक्का!" मामा मोठ्यानं म्हणाले.

"आँ? काय म्हंत्यात गं हे?"

मामी सांगायला वाकल्या. मामांनी हातानं त्यांना थांबवलं. ते पुढे आले, खाटेशी उकिडवे बसले, आक्काच्या कानाजवळ तोंड नेलं आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं ओरडले, "म्या भ्यालो व्हतो! ही वाटंत मरंल म्हनून भ्यालो व्हतो! चुकलं माजं!"

मामांचे खांदे गदगदत होते. मामींनी डोळ्यांवर पदर घेतला. मामांच्या तोंडून 'भ्यालो' हे त्यांनी सात वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं ते सगळ्या गावाबरोबर.

आक्कानं मामांच्या तोंडाकडे बघितलं, मग दारापुढे थरथरत उभ्या असलेल्या गाडीकडे.

"आलं आयकू," ती म्हणाली. "जा, ती गाडी बंद करून या आन् बसा निवांत. ही आज ऱ्हानार हाय."